कोणी कोणाला

शर्टाच्या कारखान्यात तिचं काम चुका शोधण्याचं होतं. शिवून आलेला शर्ट आधी उलटा करायचा, शिवणीवरून अंगठा फिरवायचा, बटण ओढून बघायचं आणि कुठे धागा सुटलेला दिसला की खडूने लाल फुली मारून परत पाठवायचा. शिवणाऱ्या बायका पाठीमागे तिला ‘फुली’ म्हणत. तिला हे ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, थोडं आवडतही होतं. घरी मात्र ती सगळ्यांची वहिनी. धाकटा दीर वहिनी म्हणायचा, त्याचं ऐकून गल्ली म्हणायला लागली, आणि पोटची लेकसुद्धा लाडात आली की वहिनीच म्हणायची.

वहिनीचा कोणावर चटकन विश्वास बसत नसे. भाजीवाल्याचं वजन, डॉक्टरचं निदान, शेजारणीचं हसू, सगळं ती उलटं करून बघायची. कोणी आपण होऊन मदतीला आलं की हिच्या कपाळावर आठी, याचं आपल्याकडे काय अडलंय? शंका घेतली नव्हती ती फक्त नवऱ्यावर. ते मनाच्या मोठेपणामुळे नव्हे. त्याला खोटं बोलताच येत नसे. नुसता प्रयत्न केला तरी कान लाल व्हायचे. गल्लीत त्याला सगळे दादा म्हणत, आणि ‘उद्या नक्की देतो’ हे वाक्य दादाच्या तोंडून एकाही गिऱ्हाईकाने कधी ऐकलं नव्हतं. तो म्हणायचा, उद्या जमणार नाही बहुतेक. गिऱ्हाईक जायचं दुसरीकडे.

दोघा भावांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांच्या काचा, आरसे, फोटोंच्या चौकटी. काच कापायची दादाने, बसवायची धाकट्याने, असं वर्षानुवर्षं ठरलेलं. धाकट्याने लग्न केलं नव्हतं. जेवायला तो वहिनीकडेच असायचा, आणि भाजीत मीठ कमी असलं तर तसं तोंडावर सांगण्याची हिंमत त्या घरात त्याच्या एकट्याकडे होती.

अपघात झाला त्या दिवशी दोघांचं वाजलं होतं. धाकट्याला तयार चौकटी आणून विकायच्या होत्या, दादाला ते पटत नव्हतं. समोरच्या शिंप्याने आवाज ऐकले. आधी धाकट्याचा, मग दादाचा, आणि मग धडाम. तो धावत गेला तेव्हा दादा माळ्याच्या शिडीखाली आडवा होता, डोकं फरशीवर, आणि धाकटा त्याच्या शर्टाला दोन्ही मुठींनी धरून बसला होता. शिंप्याने हे सगळं वहिनीला सांगितलं. शिवाय जाताजाता आपल्याकडून एवढी भर घातली, “मी काही बघितलं नाही हो, पण मुठी फार घट्ट होत्या.”

झालं. वहिनीच्या डोक्यात फुली पडली.

डोक्याच्या डाव्या बाजूला आत रक्त साकळलं होतं. ते काढलं. दादा जगला. उजवा हात जरा ढिला पडला आणि बोलणं गेलं. मग हळूहळू एकेक शब्द परत यायला लागला. पाणी. उशी. लेक. नको. ‘हो’ तर इतक्या लवकर आला की सगळ्या वॉर्डाला आनंद झाला. तोंडून शब्द तुटक निघत असले तरी समजत सगळं होतं, निदान दिसत तरी तसं होतं. चादर ओढा म्हटलं की ओढायचा. खिडकी लावू का म्हटलं की मान हलवायचा. घरी सोडताना मोठे डॉक्टर घाईघाईने म्हणाले की समज चांगली आहे, बोलणं येईल. या एका वाक्यावर वहिनीने, जी डॉक्टरचं काहीही उलटं केल्याशिवाय घेत नसे, डोळे मिटून विश्वास ठेवला. तिला तेच ऐकायचं होतं.

घरी आल्यावर तिने फार वाट पाहिली नाही. धाकटा रोजच्यासारखा येऊन दादाच्या पायाशी बसला होता, लेक दारात उभी होती. वहिनीने नवऱ्याच्या समोर खुर्ची ओढली आणि सरळ विचारलं, “तुम्हाला भाऊजींनी ढकललं का?”

दादाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग भावाकडे. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“हो,” तो म्हणाला.

तिने पुन्हा विचारलं, शब्द न् शब्द तोच. पुन्हा हो. मग दादाने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि लहान मुलासारखा रडायला लागला. कान लाल झाले नव्हते, वहिनीने मुद्दाम पाहिलं होतं.

धाकटा एवढंच म्हणाला की मी त्याला धरत होतो. आवाज असा की स्वतःलाच सांगतोय. मग तो दादाच्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिला, दुकानाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि गेला. भांडला नाही, रागावला नाही, आपली बाजू मांडली नाही. निर्दोष माणूस असा जातो का? वहिनीने हे लेकीला विचारलं, बहिणीला विचारलं, कारखान्यात डबा खाताना विचारलं. सगळ्यांचं उत्तर तिला हवं तेच आलं, कारण ती प्रश्नच तसा विचारायची.

तिला पोलिसांत जायचं होतं. लेकीने हातापाया पडून तिला थोपवलं. काकाने मला सायकल शिकवलीय, म्हणाली, बाबा स्वतःच्या तोंडाने सगळं सांगेपर्यंत थांब. वहिनीने विचार केला. नुसत्या ‘हो’वर कोण तक्रार लिहून घेणार? जबाब नीट व्हायला हवा, पूर्ण वाक्यांत, काय झालं ते पहिल्यापासून. म्हणून तिने रुग्णालयातल्या बोलणं शिकवणाऱ्या बाईकडे नाव घातलं. लोकांना वाटलं, काय ही बायको, नवऱ्यासाठी केवढी झटते. झटत होतीच. पण खरं कारण म्हणजे तिला साक्षीदार तयार करायचा होता, हे कोणाला माहीत?

बाईकडे नंबर लागायला वेळ होता, आणि त्या दिवसांत घरात एकेक चमत्कारिक गोष्ट घडायला लागली.

एकदा वहिनी कारखान्यातून आली तर दादा काठी घेऊन शिंप्याच्या दुकानात उभा, लालबुंद. “लेक! माझी! का?” एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणत होता आणि शिंपी शिलाई मशीनच्या आड दडला होता. झालं होतं असं की शिंपी गल्लीभर धाकट्याच्या मुठींची गोष्ट रंगवून सांगायचा, त्यावरून लेकीने त्याची कानउघाडणी केली होती. सकाळी वहिनीने ते दादाला सांगितलं होतं. तिला आपले शब्दही आठवत होते. ‘शिंप्याला लेकीने चांगलं झापलं.’ यात काठी उचलण्यासारखं काय होतं?

दुसऱ्यांदा ती म्हणाली, “ताईला मी भेटते आज.” तर हा दिवसभर नवा शर्ट घालून दाराशी बसून राहिला, बहीण घरी येणार म्हणून. उलट ‘दूध मांजराने सांडलं’ म्हटल्यावर लगेच फडकं घेऊन उठला. ‘चष्मा पेपराखाली आहे’ म्हटलं की पेपर उचलायचा. ‘औषध लेकीने आणलं’ म्हटलं की लेकीकडे हात पुढे करायचा. तिथे काही अडत नव्हतं.

वहिनीला यात पाणी मुरतंय असं वाटायला लागलं. मांजराचं कळतं, चष्म्याचं कळतं, आणि माणसांचं आलं की गोंधळ? सोयीचं तेवढं कळतंय म्हणजे. तिने त्याची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. पाठमोरा असताना हळूच काहीतरी बोलायची आणि त्याचा चेहरा आरशात बघायची. कधी पटकन उत्तर यायचं, कधी भलतंच. नियम काही सापडेना. पस्तीस वर्षांत ज्या एका माणसाला तिने उलटा करून पाहिलं नव्हतं, त्याची आता शिवण तपासली जात होती. दादाला ते कळत होतं. शब्द जोडता येत नसले तरी बायकोची नजर कळायला व्याकरण लागत नाही. तो तिच्यासमोर कमी बोलायला लागला, आणि त्यामुळे तिचा संशय आणखी वाढला.

मग तिला वाटलं, धाकटा मागच्या मागे येत असेल. ती कामावर गेली की येऊन याला पढवत असेल. तिने शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं, आणि मग शेजारणीवर लक्ष ठेवायला लेकीला. लेक म्हणाली, आई, तू दमत नाहीस का गं? दमत होती. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तिला रडू यायचं, पण ते कोणाला दिसता कामा नये, याचीही ती काळजी घ्यायची.

बोलणं शिकवणारी बाई वयाने लहान होती. वहिनीला हे आवडलं नाही. तिची खोली रुग्णालयाच्या मागच्या अंगाला होती, फिनेलचा वास, एक टेबल, तीन खुर्च्या आणि चित्रांचा मोठा खोका. लेकीने तिथल्या तिथे तिचं नाव चित्रवाली ठेवलं. चित्रवालीने दादाला आधी वस्तू दाखवल्या. कंगवा, कात्री, कुलूप. दादाने फटाफट बोट ठेवलं. वहिनीने तिच्याकडे ‘बघा, सगळं कळतं’ अशा नजरेने पाहिलं.

मग तिने दोन चित्रं शेजारी ठेवली. एकात मुलगा मुलीला ढकलतोय, दुसऱ्यात मुलगी मुलाला.

वहिनी ताठ झाली. ढकलण्याचंच चित्र? हिला कोणी सांगितलं? कोणाच्या ओळखीतली ही? तिने तसं विचारलंसुद्धा, आडपडदा न ठेवता. चित्रवालीला काही कळेना. चित्रात दाखवायला सोपं पडतं म्हणून ढकलणं, ओढणं, पकडणं असलंच सगळं खोक्यात असतं, ती म्हणाली, आणि खोका वहिनीपुढे सरकवला. वहिनीने खरोखरच आत हात घालून खालपर्यंत बघितलं.

“मुलाने मुलीला ढकललं,” चित्रवाली दादाला म्हणाली. दादाने बरोबर चित्रावर बोट ठेवलं.

“मुलीला मुलाने ढकललं.”

दादाने दुसऱ्या चित्रावर बोट ठेवलं. चुकलं होतं. आणि चाचपडत नाही, अगदी ठामपणे. ‘मुलीने दार ढकललं’ बरोबर. ‘दार मुलीने ढकललं’ तेही बरोबर. मग पकडण्याची चित्रं. पोलिसाने चोराला, चोराला पोलिसाने, दोन्ही बरोबर. वहिनी सुखावली. मग दोन पोरांची चित्रं, एक लाल शर्टातलं, एक पांढऱ्या. लालने पांढऱ्याला ओढलं, बरोबर. पांढऱ्याला लालने ओढलं, साफ चूक. पुन्हा विचारलं, पुन्हा चूक, त्याच ठामपणे.

“नाटक करतायत का हे?” वहिनीने हळू आवाजात विचारलं.

चित्रवाली हसली नाही, याबद्दल तिला गुण द्यायला हवेत. तिने विचारलं, तुम्ही काय काम करता? वहिनीने सांगितलं. मग ती म्हणाली की समजा बाही आली, कॉलर आली, खिसा आला, सगळे तुकडे टेबलावर आहेत, पण शिलाईचं मशीन बंद पडलंय. यांच्या डोक्यात शब्द आहेत. शब्दांना जोडणारी जागा दुखावलीय. आपण वाक्य ऐकतो तेव्हा ‘ने’ आणि ‘ला’ आपल्याला वेगळे ऐकूसुद्धा येत नाहीत, इतक्या पटकन मेंदू ते लावून मोकळा होतो, की हा करणारा आणि हा सोसणारा. यांच्यात तेच ढिलं पडलंय. मग हे काय करतात, शब्दांवरून अंदाज बांधतात. दूध मांजराला सांडू शकत नाही. दार मुलीला ढकलत नाही. चोर पोलिसाला सहसा पकडत नाही. तिथे अंदाज बरोबर येतो आणि आपल्याला वाटतं की सगळं कळतंय. पण दोन्ही बाजूंनी होण्यासारखं असलं, माणूस आणि माणूस, तर ज्याचं नाव आधी कानावर पडलं, त्यानेच केलं असं धरतात. अशा दुखण्यात पुष्कळांचं असं होतं. आणि अंदाज बांधतोय हे त्यांना स्वतःलाही माहीत नसतं, म्हणून तर ते इतके ठाम असतात.

लेक म्हणाली, “शिंप्याला लेकीने झापलं.”

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. शिंप्याचं नाव आधी. म्हणून काठी. ‘ताईला मी भेटते.’ ताई आधी. म्हणून नवा शर्ट. इतक्या दिवसांत न सापडलेला नियम खुर्चीत बसल्या बसल्या सापडला होता, आणि तिला त्याचा जराही आनंद झाला नाही. कारण तिचं मन पुढच्या वाक्याकडे निघालं होतं आणि ती त्याला मागे ओढत होती.

तुम्हाला भाऊजींनी ढकललं का.

आधी कोण? तुम्ही.

तिने चित्रवालीला सांगितलं, सगळंच सांगितलं, शिडी, मुठी, किल्ल्या, पोलिसांचा बेत. आणि शेवटी आपला प्रश्न, शब्दाला शब्द. चित्रवाली म्हणाली, त्यांनी काय ऐकलं असेल हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्या ‘हो’वर मी कोणालाही घराबाहेर काढलं नसतं. मग तिने विचारलं की आपण त्यांनाच विचारू या का, न बोलता?

खोक्याच्या तळाला लाकडाच्या बाहुल्या होत्या, हातापायांची हालचाल होणाऱ्या. तिने दोन काढल्या. एक दादाच्या हातात दिली आणि दादाच्या छातीला हात लावला. दुसरी टेबलावर उभी केली आणि म्हणाली, “भाऊ.” एक लहानशी शिडी तिने पुस्तकांची केली. मग म्हणाली, “दुकान. काय झालं?”

दादाने बाहुली हातात धरली. बराच वेळ तो काही करेना. वहिनीला वाटलं, कळलं नाही. तेवढ्यात त्याने आपली बाहुली पुस्तकांवर चढवली. भावाची बाहुली खाली उभी केली. मग वरच्या बाहुलीच्या हाताने खालच्या बाहुलीला जोरात एक धक्का दिला, इतका की ती टेबलावरून पडता पडता लेकीने धरली. आणि धक्का दिल्याबरोबर आपली बाहुली त्याने स्वतःच कोलमडवली, पाठीवर, टेबलावर आपटून. मग लेकीच्या हातातून भावाची बाहुली घेतली, घाईघाईने पुढे आणली, आणि तिचे दोन्ही लाकडी हात पडलेल्या बाहुलीच्या छातीवर ठेवले.

“मी,” दादा म्हणाला. “मी. मी.” आणि तसाच रडायला लागला, जसा त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून रडला होता.

त्याने भावाला ढकललं होतं. चिडून, शिडीवरून, आणि त्यातच स्वतःचा तोल गेला होता. बायकोने पुढ्यात खुर्ची ओढून विचारलं, तेव्हा त्याला वाटलं की ती तेच विचारतेय. त्याने कबूल केलं. त्याला खोटं बोलता येत नव्हतं. आणि मग भाऊ किल्ल्या ठेवून निघून गेला, तेव्हा दादाला वाटलं असणार की तो आपल्यावर रागावून गेला. इतके दिवस तो या घरात गुन्हेगार म्हणून बसला होता, आणि बायको रोखून बघत होती.

वहिनीने त्याचा ढिला हात आपल्या हातात घेतला. काही बोलायचं तर कोणता शब्द आधी ठेवायचा, याचीच तिला भीती वाटत होती.

दुसऱ्याच दिवशी तिने कारखान्यातून अर्धी सुटी घेतली आणि धाकट्याचा ठावठिकाणा काढला. तो एका मोठ्या काचवाल्याच्या गोदामात लागला होता. पेंढ्यात काचा बांधण्याचं काम, ज्याला ना कापण्याचं कौशल्य लागतं ना बसवण्याचं. ती दारातून आत गेली तेव्हा तो उकिडवा बसून खोक्याची कड दाबत होता. वहिनीला पाहून तो चटकन उठला आणि हात शर्टाला पुसले. वाळला होता. तिच्या घरचं जेवण सुटल्याचं त्याच्या अंगावर दिसत होतं. दादा बरा आहे ना, हे त्याने आधी विचारलं.

वहिनीने वाटेत पुष्कळ जुळवून आणलं होतं. त्यातलं निम्मं ती विसरली. तिने चित्रवालीचं सांगितलं, चित्रांचं, बाहुल्यांचं. मी चुकले म्हणाली, तुम्ही ढकललं नव्हतं, आणि मी नको तो आळ घेतला. मग तिने वाट पाहिली. तो ओरडेल, निदान एक कडू शब्द तरी बोलेल, आणि तो आपण निमूटपणे ऐकून घेऊ, अशी तिने तयारी केली होती.

धाकटा पेंढ्याची काडी बोटांत फिरवत राहिला.

“दादाने मला लोटलं, ते खरं आहे,” तो म्हणाला. “मी बोललो नाही. त्याचं डोकं फुटलेलं, कसं बोलणार? पण त्याच्या छातीवर माझे हात होते वहिनी. आणि तो माझ्या तोंडावर ‘हो’ म्हणाला. दादा कधी खोटं बोललाय का? मग मी रोज आठवायला लागलो. मी त्याला धरत होतो की रागाच्या भरात उलटा लोटत होतो? आधी मला नक्की माहीत होतं. आता नाही सांगता येत.”

“धरत होतात,” वहिनी म्हणाली. “तुमच्या दादांनी दाखवलं ना. तुम्ही धरत होतात.”

त्याने मान वर केली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. आधी डोळ्यांकडे, मग तोंडाकडे, मग पुन्हा डोळ्यांकडे.

“हे खरं आहे वहिनी,” त्याने विचारलं, “की मला बरं वाटावं म्हणून सांगताय?”